डाव्या कानाच्या दोन खाचा

"मॅडम, तुमचा निकाल कधी चुकलाय का?"

प्रश्न विचारला आणि दैवशाला खाली बसायचंच विसरली. शाळेच्या पटांगणात मांडव घातलेला, वर 'कायदेविषयक शिबिर' असा फलक, समोर पाचवीपासून दहावीपर्यंतची सगळी पोरं, आणि स्टेजवर तालुक्याच्या कोर्टातल्या न्यायाधीश मॅडम. ओमप्रकाश सरांच्या हातातला माईक हळूच खाली आला. मागच्या रांगेत मनीषा ओढणीत तोंड खुपसून हसत होती. प्रश्न तिचाच होता. सकाळी प्रार्थनेच्या रांगेत ती म्हणाली होती, "लई वकिलीन बनून राह्यली ना तू? मंग जज बाईला हे विचारून दाखव. विचारलंस तर महिनाभर तुझ्या डब्यातलं कारलं मी खाते." दुसऱ्या दोघींनी टाळ्या दिल्या, आणि पैज लागली.

कारल्यासाठी तर दैवशालेने कलेक्टरला पण प्रश्न विचारला असता.

दीड वर्षापूर्वी हीच मुलगी हजेरीला 'हजर' म्हणताना सुद्धा बाकाकडे बघायची. मग सरांनी तिला ओढून वक्तृत्वाच्या स्टेजवर उभं केलं. एकदा तोंड उघडलं ते मिटेना. थेट जालन्यापर्यंत जाऊन ढाल घेऊन आली. तेव्हापासून शाळेच्या भित्तीपत्रकात तिचं स्वतःचं सदर होतं, 'कायदा काय म्हणतो?' पेपरात कोर्टाची बातमी आली की दैवशाला ती कापणार, वहीत चिकटवणार आणि खाली स्वतःचं मत ठोकून देणार. डीजेचा आवाज, हेल्मेट, नावापुढे आईचं नाव, काहीही असो. हायकोर्टाने काय म्हणायचं ते म्हणावं, सुप्रीम कोर्टाने काय म्हणायचं ते म्हणावं, शेवटचा शब्द आपला, दहावी 'ब'चा.

मॅडम रागावल्या नाहीत. हसल्याही नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पदराच्या टोकाने पुसला.

"चुकला असेल," त्या म्हणाल्या. "पण कोणता, ते मला माहीत नाही. आणि हेच वाईट आहे."



"असं बघ. चोरी झाली तेव्हा मी तिथं नव्हते. मी असते माझ्या खुर्चीवर, ते पण वर्ष-दोन वर्षांनी. मग ती जागा, ती वस्तू मला कोण दाखवतं? पंच. पोलीस कागद लिहितात, त्याला पंचनामा म्हणतात. पण पंचाने तिथं उभं राहायचं, आपल्या डोळ्यांनी बघायचं आणि मगच सही करायची. तो माझा डोळा असतो. आता डोळा तिथं गेलाच नाही आणि सही मात्र पोचली, तर मला काय दिसणार?" मॅडमनी सगळ्या पोरांवरून नजर फिरवली. "कोणाकोणाच्या घरी कोणी पंच म्हणून सही केलीय? हात वर करा."

आठ-नऊ हात वर गेले. सगळ्यात आधी दैवशालेचा.

"छान. आता ज्यांच्या घरच्यांनी स्वतः तिथं जाऊन, बघून, वाचून सही केली, तेवढेच हात राहू द्या."

एकेक हात डळमळला. कोणी शेजाऱ्याकडे बघितलं, कोणी डोकं खाजवायच्या निमित्ताने हात खाली घेतला. शेवटी एकच हात वर राहिला.

"तुझ्या घरी कोण?"

"माझे आबा, मॅडम. ते अकरा मेंढरांच्या केसमध्ये..."

"थांब." मॅडमचा आवाज धारदार नव्हता, पण दैवशाला जागच्या जागी थांबली. "चालू खटल्याबद्दल इथं एक शब्द नको. बस बाळा."

ती बसली. पैज जिंकली होती, पण मनीषाकडे मान वळवून डोळा मारायचं राहूनच गेलं.

शिबिर संपलं, चहा झाला. गाडीकडे जाताना मॅडम व्हरांड्यात काचेच्या पेटीसमोर थांबल्या. आत भित्तीपत्रकाचा पंधरा ऑगस्टचा अंक होता. तालुक्यात पहिला आला म्हणून सरांनी तो चार महिने काढलाच नव्हता. मॅडम वाचत होत्या आणि दैवशाला खांबामागून बघत होती. कोणता लेख, ते तिला पाठ होतं:

'अकरा मेंढरे आरोपीच्या वाघुरीत, म्हणजे मेंढरे कोंडायच्या जाळीच्या कुंपणात, सापडली. मेंढरातल्या जाणकार पंचाने जागेवर जाऊन डाव्या कानाची खूण ओळखली. आता आणखी पुरावा कशाला पाहिजे? भुजंग चोर आहे हे म्हणायला कायद्याचे पुस्तक उघडावे लागत नाही. मात्र आपल्या गावात असे निर्भीड पंच आहेत, याचा अभिमान वाटतो.'

"कोणी लिहिलंय?"

"मी, मॅडम."

मॅडमनी काचेवर बोट टेकवलं. "हात चांगला आहे तुझा. पण ज्याला कोर्टाने अजून चोर म्हटलं नाही, त्याला तू म्हणून मोकळी झालीस. उतरव हे."

गाडी गेली. सरांनी चावी शोधली, पेटी उघडली. दैवशाला एकेक टाचणी काढून मुठीत धरत गेली. तिला आठवलं, पंधरा ऑगस्टला हा अंक लागला आणि सोळा तारखेपासून छकुली शाळेत आली नाही. छकुली म्हणजे भुजंगकाकाची मुलगी. दहावी ब, खिडकीकडचा तिसरा बाक. सगळे म्हणाले, मेंढरांमागे गेली असेल, धनगराच्या पोरी जातातच. दैवशाला स्वतः धनगराचीच. तरी तिनेही तेच म्हटलं होतं. तसं म्हणणं सोपं होतं.

*

घरी आली तेव्हा आबा, म्हणजे तिचे वडील, मेंढरं आत घेत होते. बिरूआबांची पंचवीसेक मेंढरं, दोन एकर रान आणि पंचक्रोशीत नाव असं की, मेंढरू आजारी पडलं तर डॉक्टरच्या आधी बिरूला फोन. माय, म्हणजे आसराबाई, कापूस वेचून आलेली, कंबरेला कापूस भरायचा ओटा तसाच बांधून चुलीपुढे बसलेली.

"आबा, एक विचारू का?"

"तू कवा न विचारता राह्यलीस?"

"भुजंगकाकाच्या केसचा पंचनामा झाला, तवा तुम्ही त्यांच्या वाघुरीवर गेल्ते ना?"

आबांनी एक मेंढरू उगाच परत बाहेर हाकललं आणि परत आत घेतलं.

"सही केली ना मी."

"सही न्हाई इचारून राह्यले. गेल्ते का?"

"वसंताच्या हाटेलात बसल्तो," आबा म्हणाले. त्यांचा आवाज खाली खाली जात होता. "ठाण्यातले जमादार आले. म्हणले, बिरू, मेंढराचा मामला हाय, मेंढरातल्या माणसाची सही असली की कागद पक्का व्हतो. वसंतानं केली, मंग म्या केली. चहा प्यालो. जमादारानंच पाजला."

"वाचलं तरी का?"

"जमादाराच्या अक्षराला तू तरी वाचून दाखव."

दैवशालेला एकदम हसू आलं आणि लगेच विरलं. जाणकार पंचाने जागेवर जाऊन. निर्भीड. अभिमान वाटतो. तिने बातमीतलं वाक्य उचललं होतं, बातमीने पंचनाम्यातलं उचललं होतं, आणि पंचनामा लिहिताना आबा वसंताच्या बाकड्यावर बशीत चहा ओतत होते.

"पण मंग खूण? डाव्या कानाची?"

"म्या न्हाई वळखली कोणती खूण," आबा म्हणाले. "कागदानं वळखली."

"बास झालं," माय चुलीपासूनच म्हणाली. "पोरीच्या जातीनं किती खोदून इचारावं? सोमवारी तारीख हाय. जे लिहिलंय तेच बोलायचं आन् घरी यायचं. जमादारानं सांगून ठिवलंय बराबर."

समन्सचा कागद देव्हाऱ्याच्या फळीवर होता, हळदीकुंकवाच्या करंड्याखाली दाबलेला. आबांनी तो तिथं का ठेवला असेल, हे दैवशालेला विचारायचं होतं. विचारलं नाही.

*

शनिवार कसाबसा गेला. रविवारी सकाळी ती सायकल काढून गायरानाकडे निघाली. मनीषा म्हणाली होती, "जाऊ नको गं. तिची माय लई तिखट हाय, दगड मारंल." माय नव्हती. तळ्याच्या पाळीवर छकुली एकटीच होती. डोक्यावर घोंगडीची खोळ, हातात काठी. उन्हाने काळवंडली होती आणि चार महिन्यांत मोठी दिसायला लागली होती.

दैवशालेने सायकल लावली. छकुलीने बघितलं आणि पाठ फिरवली.

"आल्या का निकाल द्यायला?" पाठमोरीच म्हणाली. "अंगठा द्यायचा का सही?"

"छकुले, ऐक तरी."

"माझं नाव टाकायचं राह्यलं का लेखात? टाक ना. चोराची पोरगी. मी शाळा सोडल्यावर बाकावर पण लिहिलंय म्हणं कोणी तरी."

ते कोणी लिहिलं होतं, दैवशालेला माहीत होतं. ते घासून काढलंही नव्हतं कोणी. तिनेही.

"मी चुकले," ती म्हणाली. भाषणात कितीतरी मोठे शब्द तिने सहज फेकले होते. हे दोन तोंडातून काढताना घाम फुटला. "मला म्हाइत नव्हतं."

"तुला म्हाइत नव्हतं?" आता छकुली वळली. "तुला? तुझ्या आबानंच पाडल्यात खाचा!"

"म्हंजे?"

"इसरली? माझ्या आबाला रगत बघवत न्हाई म्हणून दरसाल तुझे आबा यायचे कान कातरायला. तू आन् मी कोकरं धरून बसायचो. तू मानेला धरायचीस, मी पाय. एकदा कोकरानं तुझ्या फराकीवर घाण केली तर तू बोंबलत पळालीस तळ्यात!"

दैवशालेला आठवलं. अगदी वासासकट आठवलं. हळद आणि तेलाची वाटी, कोकराचं थरथरणारं कोवळं अंग, आणि कात्रीचा 'कट्' आवाज. आबा म्हणायचे, धर गं घट्ट, एकदाच दुखतंय. आपल्या मेंढरांना उजव्या कानाला एक खाच, आणि भुजंगकाकाच्यांना डाव्या कानाच्या मागच्या कडेला दोन. आणि आबा डावखुरे. त्यामुळे दुसरी खाच नेहमी उलट्या बाजूला तिरपी जायची. भुजंगकाका लांब बाभळीखाली तोंड फिरवून उभे राहायचे आणि ओरडायचे, "झालं का रे बिरू? रगत पुसलं का?" आणि या दोघी हसून हसून कोकरू सोडून द्यायच्या.

"ज्यानं चोरीची केस केली, त्या रामप्रसादभाऊच्या लोकांनी आमच्या साठातून आपली म्हणून अकरा नेली," छकुली म्हणाली. "माझे आबा वरडून सांगत व्हते, कान बघा, कान बघा, बिरूला बोलवा. जमादार म्हणले, बिरूनं सही केली ना." तिने काठी जमिनीत खुपसली. "त्या दिसापासून माझे आबा तुझ्या आबाचं नाव घेत न्हाईत. शिवी पण न्हाई देत. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं."

दैवशालेने सायकलची घंटी उगाच एकदा वाजवली. घरी तर तिच्या तोंडाला लाउडस्पीकर म्हणायचे.

"शाळेत ये ना," शेवटी तिने म्हटलं.

"आधी तो लेख काढा म्हणावं."

"काढला."

छकुलीने तिच्याकडे नीट बघितलं. मग मेंढरं हाकलत पाळीवरून खाली गेली. 'ये' पण म्हणाली नाही आणि 'जा' पण.

*

माय त्या दिवशी रामप्रसादभाऊच्याच रानात वेचणीला होती. दैवशाला तिकडूनच गेली. मायला डबा द्यायचा असं तिने स्वतःला सांगितलं. डबा सायकलला होताही.

रामप्रसादभाऊ गावातले मोठे शेतकरी, तीस एकर बागायत, जालन्याच्या बियाण्याच्या कंपनीसाठी बीजोत्पादन करणारे. दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यांनी मेंढ्यांचा गोठा घातला: वर पत्रे, खाली फळ्या, पंखे सुद्धा. मेंढ्या बाजारातून आणल्या, चारायला एक गडी ठेवला. गडी जालन्याला सळईच्या कारखान्यात लागला आणि गुपचूप निघून गेला. त्यानंतर चार-पाच दिवस मेंढ्या कोणी चारल्या, कोणी मोजल्या, कुठे गेल्या, कोणालाच माहीत नाही. मोजल्या तेव्हा अकरा कमी. आणि शिवाराला लागून वाघूर होती भुजंगकाकाची.

"ये ये, लेखिकाबाई!" भाऊ गोठ्याच्या दारातच खुर्ची टाकून बसले होते. "चहा घेती का? तुझा लेख मीच टाकला बरं गावच्या ग्रुपवर. दोनशे लोकांनी वाचला. आमच्या वकिलाला पण दाखवला. म्हणला, पोरगी हुशार हाय."

"भाऊ, मेंढ्या बघू का?"

"बघ की. तुझ्या आबानंच तर वळखून दिल्या." ते हसले. हसणं वाईट नव्हतं. हेच दैवशालेला सहन होईना. हा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोळ्यांना सगळी मेंढरं खरंच सारखी दिसत होती. काळी म्हणजे काळी आणि पांढरी म्हणजे पांढरी. आणि त्याला कोणीतरी सांगितलं होतं की, जाणकार माणसाने बघितलंय.

ती आत गेली. मेंढ्यांच्या कानात विम्याचे पिवळे बिल्ले ठोकलेले. एक म्हातारी मेंढी गव्हाणीपाशी रवंथ करत होती. दैवशालेने तिचा डावा कान हातात घेतला, बिल्ला जरा वर उचलला. मागच्या कडेला एक खाच सरळ. तिच्या खाली दुसरी, उलट्या बाजूला तिरपी.

तिने दुसरी मेंढी बघितली. तिसरी. बाजारातून आणलेल्यांच्या कानांना काही ना काही होतंच: कोणाला भोक, कोणाला फाटलेलं टोक. पण त्या दोन खाचा वेगळ्या कळत होत्या, वहीतलं ओळखीच्या पोरीचं अक्षर कळावं तशा. सात मोजल्या. बाकीच्या चार विकल्या असतील नाही तर मेल्या असतील. सातवीने कान झटकला आणि दैवशालेच्या तळहाताला थोडा मळ लागला. तो तिने पुसला नाही.

"काय, बराबर हाय ना?" भाऊ बाहेरून म्हणाले.

"व्हय भाऊ," ती म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला. "खुणा बराबर हायेत."

*

संध्याकाळी, दिवेलागणीच्या जरा आधी, आबा दारात कातरीला धार लावत बसले होते. माय ज्वारी निवडत होती. दैवशाला आबांसमोर उकिडवी बसली.

"सात हायेत," ती म्हणाली.

"काय सात?"

"रामप्रसादभाऊच्या गोठ्यात. डाव्या कानाला दोन खाचा, दुसरी तिरपी. डावखुऱ्याच्या हातच्या."

धारेचा आवाज थांबला. मायच्या हातातलं सूप सुद्धा.

आबांनी नाही म्हटलं नाही. विचारलं पण नाही की, तू तिथं कशाला गेलीस. त्यांनी कातरीच्या पात्याची धार अंगठ्याने बघितली.

"मला म्हाइत हाय," ते म्हणाले. "गुढीपाडव्याला रामप्रसादभाऊनं बोलवलं व्हतं, लोकर कातरायला. पहिलीच मेंढी मांडीत घेतली आन् कान हातात आला. माझ्या हातची कापणी मला कळणार न्हाई का? कातर खाली ठिवली. वाटलं, उठावं आन् सांगावं." ते थांबले. "मंग उचलली कातर. अकराच्या अकरा कातरल्या."

पाडव्यापासून आतापर्यंत आठ-नऊ महिने. दैवशालेने मनात मोजलं, आणि तिच्या लक्षात आलं की, पंधरा ऑगस्टला तिने घरी लेख मोठ्याने वाचून दाखवला होता. इथंच, याच ओट्यावर. निर्भीड पंच वाचताना ती मुद्दाम थांबली होती, आबांकडे बघून. आबा तेव्हा उठून मेंढरांना पाणी पाजायला गेले होते. तिला वाटलं होतं, लाजले.

"मंग उद्या सांगा ना कोर्टात," ती म्हणाली.

"काय सांगू?" आबांचा आवाज चढला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "सही माझी न्हाई म्हणू? माझीच हाय. न बघता केली म्हणू? जमादार म्हणंल, खोटी सही केली, आता तुझ्यावरच केस. सरकारी वकील म्हणंल, फितूर झाला, किती खाल्ले भुजंगचे? उन्हाळाभर आपली मेंढरं कोणाच्या रानात बसत्यात? रामप्रसादभाऊच्या. तुझी माय कोणाच्या रानात वेचून राह्यली?"

"गावात राह्याचंय आपल्याला, दैवा," माय म्हणाली. चढ्या आवाजात नाही, समजावून. "भुजंगभाऊला कोण फाशी देणार हाय? सहा महिने, वरीसभर. न्हाई तर दंड. लोक इसरत्यात."

"छकुलीच्या बाकावर 'चोर' लिहिलंय, माय. कर्कटकानं कोरलंय. ते कसं इसरतील?"

 आत गोठ्यात एक कोकरू आईला शोधत ओरडत होतं.

"आबा, भुजंगकाका वरडत व्हते म्हणं, बिरूला बोलवा, बिरूला बोलवा. तुमच्या सहीला बोलवलं न्हाई त्यांनी. तुम्हाला बोलवलं व्हतं."

आबांनी मान खाली घातली. कातर त्यांच्या मांडीवर उघडीच पडली होती. दैवशालेने ती उचलली, मिटली आणि बाजूला ठेवली. मग उभी राहिली. स्टेजवर उभं राहताना ती नेहमी कंबरेवर हात ठेवायची, मान वर करायची. आता हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं, म्हणून तिने ओढणीचं टोक धरलं.  तरी ती बोलली, आणि मध्ये कुठे थांबली नाही.

"उद्या मी शाळेत जाणार न्हाई. तुमच्या संगं कोर्टात येणार. तुम्ही खरं बोललात, तर मी तुमच्या मागंच उभी राहीन. जमादार काय बोलंल, भाऊ काय बोलतील, ते आपण तिघं मिळून ऐकू. पण तुम्ही कागदावरचं बोललात, आबा, तर मी तिथंच भुजंगकाकाच्या वकिलाकडं जाणार. सांगणार की, ती कोकरं मी धरली व्हती, आन् खाचा माझ्या आबानं पाडल्या. गोठ्यात सात हायेत, चला दाखवते म्हणून सांगणार. आन् भित्तीपत्रकात नवीन लेख लिहिणार: मी चुकले, आन् कशी चुकले. त्यात तुमचं नाव टाकायचं का न्हाई, ते तुम्ही उद्या कोर्टात ठरवा. माझं मी टाकणार हाय."